गर्भवतीचे ताट आणि रक्तदाब

(मंडळाच्या महिला विभागाच्या श्रावण मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही. फार्मसीचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या आरोग्य खात्यात नोकरी करतो, औषधांच्या खिडकीमागे बसतो. रक्तदाब वाढलेल्या गर्भवती आणि त्यांच्याबरोबर आलेल्या आया-सासवा तिथे जे विचारतात, त्यातूनच आजचा विषय निघाला. सगळ्यात जास्त वेळा कानावर येणारा प्रश्न असा : "भाऊ, मीठ तर सोडलंय. मग गोळी कशाला?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. गरोदरपणात वाढलेला रक्तदाब नुसत्या पथ्याने बरा होत नाही. आहाराची मदत होते, पण तो गोळीची आणि तपासणीची जागा घेत नाही. मोजणी पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त आली, तर रक्तदाब वाढला असे धरतात. विसाव्या आठवड्यानंतर त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. म्हणून लघवीची तपासणी टाळू नका.

आता मिठाकडे येऊ. अगदी अळणी जेवण लादू नका. अळणी घास उतरत नाही, सून अर्ध्या भाकरीवर उठते आणि पोटातल्या बाळाचे पोषण कमी पडते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. म्हणजे सगळ्या पदार्थांतले मिळून एक सपाट चहाचा चमचासुद्धा भरू नये. भाजी-आमटीत बेताचे मीठ चालते. खरा घोळ ताटाच्या कडेला असतो.

आपण सुरतेत राहतो. रविवारी सकाळी पापडी-गाठिया, नाहीतर खमण किंवा लोचो. चहाबरोबर खारी. जेवणात पापड, लोणचे, भुंगळे आणि मिठाची मसाला छास. त्यात आपली खानदेशातून आलेली घरे : कुरडया, ठेचा, शेवभाजी. हे सगळे मिठाने भरलेले. शिवाय खाण्याच्या सोड्यात आणि पापडखारातही सोडियमच असते. म्हणून खमण किंवा पापड जिभेला खारट लागला नाही, तरी तो बिनमिठाचा समजू नये. आणखी एक गैरसमज सैंधवाचा. सैंधव उपवासाला चालते, पण रक्तदाबासाठी ते मीठच आहे. 'कमी सोडियम' म्हणून मिळणारे मीठही डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

मग खावे काय? नेहमीचेच, पण नीट. ज्वारी-बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, तूर-मूग-मटकी, वांग्याचे भरीत, मेथी, हिवाळ्यात सुरती पापडी आणि ताज्या तुरीचे दाणे. थंडीत तापीकाठी पोंक मिळतो, तो जरूर खा, मात्र त्याबरोबरची खारी शेव बाजूला ठेवा. शेंगदाणे भाजलेले, पण बिनमिठाचे. ताकात जिरेपूड आणि कोथिंबीर घाला, मीठ आठवणार नाही. दोन जिवांचे म्हणून दुप्पट खाऊ नये आणि वजन वाढते म्हणून उपाशीही राहू नये.

कॅल्शियमकडे आपले दुर्लक्ष होते. ज्यांच्या आहारात ते कमी असते, अशा स्त्रियांमध्ये कॅल्शियम दिल्याने गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या विकाराचा धोका कमी होतो. म्हणून सरकारी केंद्रावर चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या देतात. एका पेल्यात, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात, सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५०. पण दूध पिते म्हणून गोळी सोडू नका. लोहाची गोळी कॅल्शियमबरोबर घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा. चहाबरोबर तर नकोच, लिंबूपाण्याबरोबर चालेल.

घरातल्या दुसऱ्या कुणाची बीपीची गोळी गर्भवतीला कधीही देऊ नका. टेलमिसार्टन, एनालाप्रिल यांसारख्या नेहमीच्या गोळ्या गरोदरपणात बाळाला घातक ठरतात. आधीपासून अशी गोळी चालू असेल, तर दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना दाखवा. ते गोळी बदलून देतात. खोकल्यासाठी ज्येष्ठमधही नको, त्यानेही रक्तदाब चढतो.

आता सणाचे. हरतालिका आली, तिच्यामागून ऋषिपंचमी. रक्तदाब असलेल्या गर्भवतीने निर्जळ उपवास करू नये. पाणी बंद, गोळी बंद आणि संध्याकाळी रिकाम्या पोटी खारे वेफर्स, हे तिघे मिळून घात करतात. आजाऱ्याला आणि गर्भवतीला उपवासातून सूट देण्याची रीत आपल्याकडे आहेच. पण सुनेला ते स्वतःहून म्हणता येत नाही. म्हणून घरातल्या मोठ्या बाईनेच म्हणावे, "पूजा कर, कहाणी ऐक. उपवास यंदा मी धरते, तू जेव." एवढ्या एका वाक्याने बरेच काम होते.

सरकारी सोयी आहेत, त्या घ्या. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गर्भवतींची मोफत तपासणी होते. गुजरातेत २०२२ पासून मातृशक्ती योजनेत अंगणवाडीतून महिन्याला दोन किलो चणे, एक किलो तूरडाळ आणि खाद्यतेल मिळते. ते आईसाठी आहे, घरच्या डब्यात मिसळण्यासाठी नाही.

शेवटी ही लक्षणे पाठ करा : न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटात दुखणे, चेहऱ्यावर-हातांवर अचानक सूज, लघवी कमी होणे, बाळाची हालचाल मंदावणे. यातले एकही दिसले तर विसर्जनाची मिरवणूक असो की आरतीची वेळ, थांबू नका. १०८ ला फोन करा. फिट आली तर तिला कुशीवर वळवा आणि तोंडात काहीही घालू नका.

पुरुष मंडळींनाही एक विनंती. घरात गर्भवती असेल तोवर फरसाणाचे पुडके घरी आणू नका. समोर गाठिया खात बसायचे आणि तिला पथ्य सांगायचे, हे बरे नव्हे.

बाप्पा सगळ्या लेकी-सुनांची सुखरूप सुटका करो. गणपती बाप्पा मोरया!