लहान विमानांची चाके आणि तेलाचा दाब



असीरगडाच्या पायथ्याकडून बऱ्हाणपूरच्या बाजूस उतरू लागले की केळीची व कापसाची शेते लागतात. तेथे बांधाशी वळताना ट्रॅक्टरचालक एक दांडी ओढतो आणि मागचा नांगर अलगद उचलला जातो. त्यास वर तोलून धरतो तो तेलाचा दाब. तेल गळू लागले की उभ्या ट्रॅक्टरचा नांगर हळूहळू जमिनीस टेकतो. लहान विमानांच्या पोटात ओढल्या जाणाऱ्या चाकांचे निम्मे रहस्य एवढ्यात आले.

गोंदियाजवळील बिरसी येथे वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी डायमंड डीए-४२ ही दोन इंजिनांची विमाने वापरली गेली आहेत. त्यांत विजेच्या मोटारीवर चालणारा पंप तेल ढकलतो व तिन्ही चाके आत घेतो. ती वर अडकवून ठेवणारी खुंटी तेथे नाही. दाब हीच खुंटी. म्हणून दाब नाहीसा झाला तर चाके स्वतःच्या भाराने खाली येतात. पंपच बंद पडला तर आपत्कालीन दांडी ओढून तेलास परतीची वाट मोकळी करून द्यावयाची. पायपर ॲरोचीही रचना याच धर्तीची आहे. बिघाड सुरक्षिततेच्या बाजूस झुकावा, ही योजना खरोखर शहाणपणाची म्हटली पाहिजे.

सेसनाच्या काही जातींत गोष्ट एवढी सोपी नाही. तेथे दाब गेल्यावर मागची चाके अर्धवट लोंबकळतात, कुलूपबंद होत नाहीत. त्यासाठी आसनांमध्ये हातपंप दिलेला असतो. परंतु नळी फुटून तेलच वाहून गेले असेल तर हातपंपाने ढकलावयाचे काय?

बिघाडाची मूळ कारणे बहुधा क्षुल्लक असतात. रबरी कडे झिजते, नळीस चीर पडते, मोटारीचा विद्युत्प्रवाह तुटतो. कधी चाके व्यवस्थित उतरलेली असतात आणि तीन हिरव्या दिव्यांपैकी एकाचा बल्ब तेवढा गेलेला असतो! म्हणून वैमानिकाने प्रथम बल्ब बदलून पाहावा, मग पुस्तिकेतील क्रम धरावा. या विमानांत सामान्यतः वापरले जाणारे तेल लाल रंगाचे असते. उड्डाणापूर्वी पोटाखाली वाकून पाहणाऱ्यास तो लाल ओघळ दिसतो. न वाकणाऱ्यास तो आकाशात गेल्यावर कळतो.

तेलाच्या दाबाशी संबंध नसलेली, पण याच विषयाजवळची घटना ६ मे २०२१ ची. नागपूरहून रुग्णास घेऊन हैदराबादकडे निघालेल्या बीचक्राफ्ट विमानाचे एक चाक उड्डाण घेतानाच निखळून पडले. विमान मुंबईकडे वळविण्यात आले. उरलेल्या चाकांवर उतरण्याचा मोह वैमानिकाने टाळला. एका बाजूचा आधार नसता तर विमान धावपट्टीवर कलंडून भरकटण्याचा धोका होता. पोटावर घसरण्यात निदान समतोल राहतो. धावपट्टीवर फेस पसरण्यात आला, अग्निशामक गाड्या सज्ज झाल्या, आणि रात्री विमान पोटावर उतरले. रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर व दोन वैमानिक असे पाचही जण सुखरूप बाहेर आले.