वायूची चावी

(ध्वनिक्षेपित भाषणाचा मजकूर)



बिदरला जाणारा प्रवासी महमूद गवानाचा मदरसा पाहिल्यावाचून परतत नाही. १४७२ साली उभारलेल्या या विद्यालयाच्या दर्शनी भागाला दोन मिनार होते. आज त्यांपैकी एकच शिल्लक आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस, मोगलांच्या अमलात, या इमारतीत दारूगोळा साठवलेला होता. त्याचा स्फोट झाला आणि दोन शतके उभे असलेले बांधकाम क्षणार्धात ढासळले. ज्या वस्तूच्या अंगी मोठे सामर्थ्य असते ती जवळ बाळगायची, तर तिला आवरण्याची सोयही जवळच हवी, हा धडा त्या एकाकी मिनाराकडे पाहून कोणालाही घेता येईल.

आज मी ज्या सोयीविषयी बोलणार आहे ती मुठीत मावेल एवढी लहान आहे. वायूच्या नळीवर बसवलेली बंद करण्याची चावी, म्हणजेच व्हॉल्व्ह, हा आजचा विषय. पुण्या-मुंबईस मुलाबाळांकडे जाऊन आलेल्यांनी ओट्याशी नळीतून येणारा नैसर्गिक वायू पाहिलाच असेल. मुंबईकरांना तर नळीतील वायूची ओळख १८६५ पासूनची आहे. त्या साली तेथील रस्त्यांवर कोळशाच्या वायूचे दिवे प्रथम लागले. आपल्या सीमाभागात बिदर जिल्ह्यासाठी २०१८ साली आणि कलबुर्गी व विजयपूर या जिल्ह्यांसाठी २०१९ साली शहरी वायुवितरणाचे परवाने ठरले. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या गावांतील कोणाच्या दारी नळी आधी जाईल, कोणाच्या मागाहून. परंतु नळी आल्यावर चावीचा विचार करण्यापेक्षा तो आधीच केलेला बरा.

प्रथम वायूचा स्वभाव ध्यानी घेऊ. सिलिंडरमधील वायू हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला की तो जमिनीलगत पसरतो. नळीतून येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन होय. तो हवेहून हलका असल्याने वर चढतो व छताखाली साचतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडरसाठी खालच्या बाजूस हवेला वाट हवी, तर नैसर्गिक वायूसाठी छताजवळ. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत धूर जाण्यासाठी छतात झरोका ठेवीत. नवे घर बांधताना तो बुजवला असेल, तर नळी घेण्यापूर्वी तशी वाट पुन्हा करून घ्यावी.

आता चावीकडे वळू. शेतकरी बंधूंना विहिरीच्या किंवा बोअरच्या लाइनवरील गेट व्हॉल्व्ह परिचित आहे. चाक अनेक वेळा फिरवावे, तेव्हा आतील पाचर हळूहळू खाली उतरते. तिच्या खाचेत वाळूचा कण बसला की ती पुरती टेकत नाही. पाण्याच्या बाबतीत त्याचे फारसे बिघडत नाही. थेंब गळला तर जमीन भिजते, इतकेच. वायूचा थेंब मात्र डोळ्यांना दिसत नाही. शिवाय असा व्हॉल्व्ह उघडा आहे की बंद, हे चाकाकडे पाहून कळत नाही.

घरगुती वायूसाठी योग्य तो बॉल व्हॉल्व्ह. त्याच्या पोटात आरपार भोक असलेला एक गोळा असतो. दांडी चतुर्थांश फिरवली की भोक आडवे होते आणि वाट बंद पडते. दांडी नळीच्या रेषेत असेल तर व्हॉल्व्ह उघडा, नळीला आडवी असेल तर बंद. ही खूण अक्षरओळख नसलेल्यालाही कळते, दुरूनही दिसते आणि घाबरलेल्या माणसालाही चुकवीत नाही. माझ्या मते, याहून मोठा गुण दुसरा नाही.

परंतु बॉल व्हॉल्व्ह म्हणून दुकानदाराने पुढे ठेवलेला कोणताही नग चालत नाही. पाण्यासाठी केलेल्या व्हॉल्व्हमधील रबर वायूच्या संपर्कात फुगू किंवा खराब होऊ शकते. म्हणून व्हॉल्व्ह वायूसाठीच बनवलेला आहे, असा शिक्का त्याच्या अंगावर हवा; तो किती दाब सोसतो, तो आकडाही कोरलेला हवा. युरोपात इमारतींमधील अशा व्हॉल्व्हसाठी ई.एन. ३३१ हे मानक आहे. आपल्याकडे शहरी वायुजाळ्याच्या सुरक्षिततेचे नियम २००८ पासून अमलात आहेत. दांडीचा खुंट आतल्या बाजूने बसवलेला असावा, म्हणजे दाबाने तो बाहेर उडत नाही. स्वयंपाकघरातील दाब तसा अल्पच, सुमारे २१ मिलिबार, म्हणजे एक वीत पाणी जेवढा दाब देईल तेवढाच असतो. तेव्हा भीती आहे ती दाबाची नव्हे, न कळता चालू राहणाऱ्या गळतीची.

घरात नळी टाकणे हे काम वायू कंपनीच्या अधिकृत कारागिराचेच आहे; आपण स्वतः पाना हाती घेऊ नये. तरीही कोणता व्हॉल्व्ह बसवता, हे विचारण्याचा आणि तो कोठे बसवावा, हे सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व किती, हे एका दूरच्या घटनेवरून कळेल.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो या गावी ९ सप्टेंबर २०१० च्या सायंकाळी वायूची मोठी भूमिगत नळी फुटून पेटली. आठ माणसे मृत्युमुखी पडली आणि ३८ घरे नष्ट झाली. त्या नळीवर व्हॉल्व्ह नव्हते असे नाही. होते, पण ते हाताने बंद करावयाचे होते आणि बंद करणारी माणसे दूर होती. वायूचा प्रवाह थांबवण्यास ९५ मिनिटे लागली. तोवर आगीला इंधन मिळतच राहिले. उत्तम धातूचा व्हॉल्व्हही वेळेवर हात पोचत नसेल तर नसल्यासारखाच.

तीच गोष्ट घरात लागू पडते. आपल्याकडे ओट्याला शहाबादी फरशी बसवतात, खाली कपाट करतात, आणि दिसायला बरे दिसावे म्हणून व्हॉल्व्ह त्यामागे दडपून टाकतात. तसे कदापि करू नये. व्हॉल्व्ह शेगडीच्या पाठीमागेही नको; भडकलेल्या ज्वाळेवरून हात नेऊन तो कोण बंद करणार? तो शेगडीच्या बाजूस, उघड्यावर, वृद्ध आजीच्याही हाताला येईल असा असावा. दुसरा एक घराबाहेर, मीटरजवळ असावा, म्हणजे आत न जाता वायू तोडता येईल. नळी तुटून प्रवाह एकदम वाढला तर आपोआप मिटणारे व्हॉल्व्हही असतात. ते चांगलेच, पण बारीक गळती त्यांना कळत नाही, म्हणून हातचावीची जागा ते घेऊ शकत नाहीत.

आपल्या मुलखाची एक खास अडचणही सांगितली पाहिजे. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पुरलेल्या नळीवर आणि व्हॉल्व्हच्या चौकोनी खड्ड्यावर या हालचालीचा ताण येतो. खड्ड्यात पाणी साचते ते निराळेच. आपल्या दारासमोरील अशा खड्ड्याचे झाकण मातीखाली जाऊ देऊ नये, त्यावर वाळूचा ढीग टाकू नये. वेळ आली तर कर्मचाऱ्याला ते क्षणात सापडले पाहिजे.

व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे न फिरवता राहिला तर जाम होतो. म्हणून रात्री निजताना तो बंद करण्याचा परिपाठ ठेवावा. तो हलता राहतो आणि घरही सुरक्षित राहते. सांध्यांची परीक्षा साबणाच्या फेसाने घ्यावी, काडी ओढून कधीही नाही. आज ज्यांच्याकडे सिलिंडर आहे त्यांनीही रेग्युलेटरबाबत हाच नियम पाळावा व रबरी नळी पाच वर्षांच्या आत बदलावी.

वायूला मुळात वास नसतो; जो उग्र वास येतो तो सावध करण्यासाठीच मिसळलेला असतो. तो येताच चावी बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू अथवा बंद करू नये आणि बाहेर जाऊन मगच दूरध्वनी करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. नळीच्या वायूचा क्रमांक कंपनीकडून घेऊन दाराशी लिहून ठेवावा.

शेवटी एकच विनंती. आज रात्री स्वयंपाक आटोपल्यावर घरातील सर्वांना, मुलांनासुद्धा, शेगडीपाशी बोलवा आणि प्रत्येकाकडून एकदा चावी बंद करवून घ्या. ज्याला ती सापडणार नाही किंवा फिरवता येणार नाही, त्याच्यासाठी ती योग्य जागी नाही असे समजा आणि ती जागा बदलण्याची व्यवस्था करा.