अंगावर कपडे, हातात स्टिअरिंग

(मंडळाच्या मासिक सभेत मिल्टनला केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातलं बरंचसं तसंच ठेवलं आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर कार्यकारिणीत थोडी कुजबुज झाली असं कानावर आलं. "दिवाळी अंकात हे छापणार?" असं एका काकांनी विचारलं म्हणे. काका, विषय माझा नाही. जुलैत केल्सोच्या तळ्यावर आपली पिकनिक झाली ना, तेव्हा निघताना पार्किंगमध्ये एक गृहस्थ ओल्या चड्डीवर, उघडाबंब, अनवाणी गाडीत बसले आणि सरळ निघून गेले. आमच्या मागच्या सीटवरून एका सात वर्षांच्या चिरंजीवांनी विचारलं, "ह्यांना पोलीस पकडत नाहीत? आणि त्यांनी काहीच घातलं नसतं तर?" गाडीत तीन इंजिनिअर होते. तिघांनी तीन उत्तरं दिली, आणि तिन्ही ठाम.

मी कॉम्प्युटरवाला माणूस, वकील नाही. पण कायद्याचं कलम हे शेवटी 'इफ-एल्स'च असतं, म्हणून वाचायला बसलो.

ऑन्टारियोचा वाहतूक कायदा, म्हणजे हायवे ट्रॅफिक ॲक्ट, कपड्यांबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाही. अनवाणी गाडी चालवायला बंदी नाही. चपलांना बंदी नाही. लुंगी, पायजमा, नाइट गाऊन, सगळं चालतं. पुरुषाने शर्ट न घालता गाडी चालवली तर तोही गुन्हा नाही. म्हणजे गणपतीच्या दिवसांत चार घरच्या पूजा सांगत हिंडणारे आपले गुरुजी सोवळ्यात, नुसत्या उपरण्यावर डेरी रोडवरून गेले तरी त्यांना कोणी अडवणार नाही. स्त्रियांच्या बाबतीतही निकाल आहे, आणि तो आपल्या शेजारच्या ग्वेल्फचा आहे. १९९१ च्या जुलैत, कडक उन्हाच्या दिवशी, ग्वेन जेकब नावाची विद्यार्थिनी तिथे शर्ट काढून रस्त्याने चालत गेली. तिला दंड झाला, ती अपिलात गेली आणि १९९६ च्या डिसेंबरात ऑन्टारियोच्या अपील न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं. नुसतं तेवढं केल्याने ते अश्लील कृत्य होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

पण चिरंजीवांचा प्रश्न 'काहीच घातलं नसतं तर' असा होता. तिथे वाहतूक कायदा बाजूला राहतो आणि फौजदारी कायदा, म्हणजे कॅनडाचा क्रिमिनल कोड, पुढे येतो. त्यातलं कलम १७४ सांगतं की योग्य कारण नसताना सार्वजनिक जागी नग्न असणं हा गुन्हा, आणि खाजगी जागेत असूनही लोकांच्या नजरेस पडेल असं नग्न असणं हाही गुन्हा. मग ती जागा स्वतःच्या मालकीची का असेना. गंमत म्हणजे 'नग्न' शब्दाच्या व्याख्येत, सार्वजनिक सभ्यतेला बाध येईल असे तोकडे कपडे घातलेला माणूसही बसतो. खटला भरायला ॲटर्नी जनरलची संमती लागते, त्यामुळे असे खटले ऊठसूट होत नाहीत.

"पण गाडी माझी, काचा माझ्या, आत कोण येतंय?" हा युक्तिवाद आमच्या गाडीतही झाला. त्याचं उत्तर कॉटेजला जाताना लागणाऱ्या ब्रेसब्रिजमध्ये मिळालं आहे. तिथला एक निसर्गवादी, म्हणजे विवस्त्र राहण्याचा पुरस्कार करणारा गृहस्थ, तशाच अवस्थेत गाडी घेऊन टिम हॉर्टन्सच्या आणि ए ॲण्ड डब्ल्यूच्या ड्राइव्ह-थ्रूला गेला. खिडकीतून कॉफी देणाऱ्यांनी काय पाहिलं ते कोर्टात सांगितलं. त्याच्या वकिलांनी कलम १७४ लाच आव्हान दिलं: हे माझ्या अभिव्यक्ती-स्वातंत्र्यावर बंधन आहे. २०११ साली न्यायाधीशांनी कलम कायम ठेवलं आणि त्याला दोषी ठरवलं. मला स्वतःला हा निकाल पटतो, आणि त्याचं कारण सभ्यता वगैरे मोठं नाही. खिडकीत उभी असलेली पोरं पगारावर असतात. त्यांना नजर वळवून निघून जाता येत नाही.

शिवाय आपल्या मिल्टनमध्ये गाडी कितीशी खाजगी? ४०१ ला लागून गोदामंच गोदामं. शेजारच्या लेनमध्ये अठरा चाकी ट्रक हमखास असतो आणि त्याचा ड्रायव्हर इतका उंच बसतो की त्याला वरून तुमच्या मांडीवरचा सामोसासुद्धा दिसतो.

कृत्य नुसत्या नग्नतेच्या पुढचं असेल, मुद्दाम दाखवण्याचं असेल, तर कलम १७३ लागतं, आणि ते बरंच जड आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांसमोर लैंगिक हेतूने केलेल्या कृत्याला त्यात वेगळी तरतूद आहे. त्याबद्दल इथे विनोद नको.

आता हे आपल्याला कशाला, असं वाटेल. आपण काही ब्रेसब्रिजवाले नाही. पण पार्टीत पैज लागते, कॉलेजातली मुलं फ्रॉश वीकमध्ये काहीही करतात, आणि आपल्याकडे दर वर्षी नवी मुलं येतात, स्टडी परमिटवर, वर्क परमिटवर. त्यांच्या डोक्यात 'पोलीस तिकीट देतील, भरू' एवढंच असतं. इथे तिकीट नाही, मंडळी. डिमेरिट पॉइंट नाही. इथे फौजदारी आरोप आहे. कलम १७४ हा समरी गुन्हा. पण २०१९ पासून समरी गुन्ह्याची कमाल शिक्षा दोन वर्षांना एक दिवस कमी आणि पाच हजार डॉलरपर्यंत दंड अशी वाढली आहे. एवढी शिक्षा पहिल्या फेरीत कोणी देत नाही, हे खरं. पण कलम १७३ दोन्ही पद्धतींनी चालवता येतं, आणि इमिग्रेशन कायदा अशा गुन्ह्याला गंभीर बाजूनेच मोजतो. ज्याच्याकडे अजून पीआर नाही, त्याला त्यावरून देशात राहण्यास अपात्र ठरवता येतं. समरी गुन्हे वेगवेगळ्या प्रसंगी दोन झाले तरी तेच. नागरिकत्वाच्या अर्जात चालू खटल्यांबद्दल विचारतात. आणि आमच्या धंद्यात बँकेचं काँट्रॅक्ट मिळण्याआधी पोलीस चेक होतोच. एका पैजेपायी सहा वर्षांचे कागदपत्र अडकतील. म्हणून हे घरात मुलांना सांगायला हवं, आणि लाजत लाजत नाही, सरळ.

आपल्या देशात काय? तिथे भारतीय दंड विधानाचं २९४ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९६. सार्वजनिक जागी अश्लील कृत्य करून इतरांना त्रास दिला तर गुन्हा. हे खटले किती रेंगाळतात ते मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांना विचारा: १९९५ ची ती बुटांची जाहिरात, अंगावर फक्त बूट आणि एक अजगर, आणि निर्दोष सुटका २००९ साली! ड्रायव्हरच्या पोशाखाची गंमत वेगळीच. २०१९ मध्ये नवे वाहतूक दंड लागू झाले तेव्हा लुंगी, बनियन, चप्पल, अर्ध्या बाह्यांचा शर्ट अशा सगळ्यांवर दंड आहे अशी आवई उठली. शेवटी सप्टेंबरमध्ये नितीन गडकरींच्या कार्यालयाला जाहीर करावं लागलं की असा काही दंड नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका.

असो. आता कायदा सोडू आणि विज्ञानाकडे येऊ, कारण खरी भीती मला तिथे वाटते.

आपल्याला वाटतं कपडे हे लोकांसाठी असतात. गाडीत ते कातडीसाठी असतात. एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागात फुगते. ती फुगवणारा वायू तापलेला असतो, बरोबर क्षारयुक्त बारीक पूड बाहेर येते आणि कापड हातांवर घासत जातं. अपघातातून वाचलेल्यांच्या हातांवर, मनगटांवर भाजल्याच्या, खरचटल्याच्या खुणा असतात त्या यामुळे. साधी सुती बाहीसुद्धा तिथे उपयोगी पडते. बाजूच्या काचांचे बारीक तुकडे होतात, ते मांडीत येऊन बसतात. आणि ड्राइव्ह-थ्रूची उकळती कॉफी उघड्या मांडीवर सांडली तर पाय आधी आखडतो, मग ब्रेक आठवतो.

सगळ्यात मोठं म्हणजे पट्टा. उघड्या अंगाला सीटबेल्ट टोचतो, उन्हात तापलेलं बक्कल चटका देतं. मग माणूस पट्टा काखेखालून घेतो, नाहीतर लावतच नाही. टिम हॉर्टन्सचं नाव ज्याच्यावरून पडलं तो हॉकीपटू टिम हॉर्टन १९७४ च्या फेब्रुवारीत सेंट कॅथरिन्समध्ये क्यूईडब्ल्यूवर गाडीतून बाहेर फेकला जाऊन गेला. दारू प्यायलेला होता, वेग प्रचंड होता आणि पट्टा नव्हता. पट्टा सक्तीचा झाला १ जानेवारी १९७६ पासून, कॅनडात सर्वांत आधी आपल्या ऑन्टारियोत. तेव्हाचे वाहतूक मंत्री होते जेम्स स्नो. आपण रोज ज्या जेम्स स्नो पार्कवेवरून जातो ना, तेच. त्या रस्त्यावर तरी पट्टा नीट लावा! दंड दोनशे ते हजार डॉलर, दोन डिमेरिट पॉइंट, आणि सोळाखालच्या मुलांची जबाबदारी ड्रायव्हरवर.

चप्पलेला बंदी नाही म्हणालो, पण कोल्हापुरी ब्रेकखाली अडकून गाडी पुढच्यावर आदळली तर पोलीस 'केअरलेस ड्रायव्हिंग' लावू शकतात. सहा पॉइंट, चारशे ते दोन हजार डॉलर दंड, तुरुंगाचीही तरतूद. कोणी जखमी झालं किंवा दगावलं तर २०१८ पासून दंड पन्नास हजारांपर्यंत.

आणि एक सवय, जी मला आपल्याच लोकांत सर्रास दिसते: चालत्या गाडीत जॅकेट काढणं. घरातून निघताना थंडी, १५ मिनिटांत हीटर तापतो आणि मग ४०१ वर ताशी शंभरच्या वेगात एक बाही, दुसरी बाही. हिशोब करा. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. स्वेटर डोक्यावरून काढायला तीन सेकंद लागले, तर ८० मीटरहून जास्त अंतर तुम्ही डोळ्यांवर लोकर घेऊन गेलात. नागव्याने गाडी चालवणारा निदान समोर तरी बघत असतो! जॅकेट आधी काढा, मगच गिअर टाका. लहान मुलांचंही तसंच. जाड स्नो-सूट घालून चाइल्ड सीटमध्ये बसवलं की पट्टे घट्ट झाल्यासारखे वाटतात. धक्क्याच्या वेळी आतला कापूस दबतो आणि पट्टे सैल पडतात. पातळ कपड्यात बसवा, पट्टे आवळा आणि कोट वरून पांघरूण म्हणून घाला.

मात्र काढलेलं जॅकेट घरी ठेवू नका. आपण घरच्या गॅरेजमधून ऑफिसच्या गॅरेजमध्ये जातो आणि जानेवारीत एका टी-शर्टवर ऐटीत फिरतो. डिसेंबर २०१० मध्ये सार्नियाजवळ ४०२ वर काय झालं ते आठवा. मिशिगन-शिकागोला जाताना आपण घेतो तोच रस्ता. १३ तारखेला लेक ह्यूरनवरून बर्फ सुरू झालं आणि तीनशेच्या वर माणसं गाड्यांत अडकली, काही जण चोवीस तासांहून जास्त. लष्कराची हेलिकॉप्टर्स बोलवावी लागली. त्या भागात गाडी अडकल्यावर पायी निघालेला एक माणूस थंडीने गेला. वाऱ्यासकट तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. पेट्रोल संपलं की हीटर संपतो, एक्झॉस्ट बर्फाने बुजला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, म्हणून तो मोकळा करायला उतरावं लागतं. टी-शर्टवर? सँडलवर?

माझ्या डिकीत नोव्हेंबर ते एप्रिल एक पिशवी असते. जुने बूट, दोन टोप्या, लोकरी मोजे, एक सोलापुरी चादर, मेणबत्ती, काडेपेटी, शेंगदाण्याची चिक्की. बायको त्याला 'संसार' म्हणते. चिक्की दर महिन्याला भरावी लागते, कारण ती बर्फ पडण्याआधीच संपते.

भाषणानंतर आलेला एक प्रश्न इथे देतो. एका वहिनींनी विचारलं, "नऊवारी नेसून गाडी चालवली तर?" कायद्याने पूर्ण मुभा आहे. पदर दारात अडकू देऊ नका, कमरेचा पट्टा निऱ्यांच्या गाठीखाली, हाडावर घ्या, आणि टाचेच्या चपला शेजारच्या सीटच्या पायाशी ठेवा, तुमच्या पायाशी नको. त्यावर मागून कोणीतरी विचारलं की फेट्याचं काय, छताला लागतो. सीट खाली घ्या!