सेंट मॅथ्यू बेटावरचे रेनडिअर

अलास्काच्या पश्चिमेला, बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचं निर्जन बेट आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकेच्या तटरक्षक दलाने तिथे २९ रेनडिअर सोडले. तिथल्या आपल्या ठाण्यावरच्या जवानांची रसद तुटलीच, तर मांसाची सोय असावी म्हणून. पुढे जवान परतले. रेनडिअर मात्र तिथेच राहिले.

बेटावर लांडगे नव्हते. चरायला शैवाकाचा, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाईबंदांचा, जाड थर होता. १९५७ मध्ये कळप १,३५० वर पोहोचला, १९६३ मध्ये ६,००० वर. पण शैवाक फार सावकाश वाढतं. जीवशास्त्रज्ञ डेव्हिड क्लाइन यांनी पाहिलं, तेव्हा जनावरांचं वजन घटलं होतं, पाडसंही कमी झाली होती. त्यातच १९६३-६४ चा कडक हिवाळा आला. १९६६ मध्ये क्लाइन परत गेले, तेव्हा उरले होते फक्त ४२ रेनडिअर. त्यांत ४१ माद्या, एकच नर आणि पाडस एकही नाही. १९८० च्या दशकापर्यंत कळप नामशेष झाला.

एखादा प्रदेश किती जीव कायमचे पोसू शकतो, त्या मर्यादेला धारणक्षमता म्हणतात. सहसा अन्नटंचाई, रोगराई आणि शिकारी प्राणी वाढीला हळूहळू लगाम घालतात. इथे मात्र शिकारी नव्हताच, आणि वर्षानुवर्षं साठलेल्या चाऱ्यामुळे टंचाई उशिरा जाणवली. ती जाणवेपर्यंत कळप बेटाच्या कुवतीबाहेर गेला होता.