बापाचा धाक आणि ख्रिस्तमाउली

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे वडील मोठे कोपिष्ट. प्रेमळ आई, जानकीबाई, गेली आणि पोरक्या मुलाने घर सोडून नाशिक गाठले. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती प्रार्थनेत देवाला पिता म्हणावयाचे. टिळकांनी अभंगांत ख्रिस्ताला माउली केले. हे नुसते वारकरी वळण होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. बाप या शब्दाने बसलेला धाक आईच्या नावानेच निवला असावा. अर्थात जखम समूळ भरली नाही. वडिलांचा राग टिळकांतही उतरला होता. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त तो लपविलेला नाही. पण तो आला तसा ओसरे. येथून खाली साताऱ्यास 1917 साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, तेथे बाप्तिस्मा न घेतलेल्यासही मज्जाव नव्हता.