पहाटेचा उजेड आणि माणसाचा चेहरा



या व्यासपीठावरून गेले काही दिवस मोठमोठे विद्वान बोलून गेले. आज त्याच जागी एका तालुक्याच्या गावातला फोटोग्राफर उभा आहे. उणीपुरी पंचेचाळीस वर्षे मी लोकांना "हलू नका" एवढेच सांगत आलो. तासभर बोलण्याची सवय मला नाही. तेव्हा हाताखालून गेलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले जे आहे, तेवढेच सांगतो. विषयही लहानच आहे. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापाशी सूर्योदयापूर्वी माणसाचा फोटो कसा काढावा, आणि मुळात तो त्या वेळी का काढावा, इतकाच.

येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी गेटवेपुढचा एखादा फोटो असेलच. तो जरा आठवून पाहा. वर पूर्ण कमान, चारही मनोरे, थोडे आकाश, चुकून उडालेले कबूतर. आणि खाली, अगदी तळाशी, आपली मंडळी एका रांगेत उभी. त्यांच्यावर अंगठा ठेवला तर सबंध कुटुंब अंगठ्याखाली झाकले जाते. आता हा फोटो कोणाचा? गेटवेचा, की आपल्या मंडळींचा? हा प्रश्न मला फार महाग पडला, म्हणून तो तुमच्यापुढे ठेवतो.

१९७८ साली मी बावीस वर्षांचा होतो आणि आमच्या गावातल्या स्टुडिओत उमेदवारी करीत होतो. गिरगावात नात्यातले एक लग्न होते, त्यासाठी आईला घेऊन मुंबईस गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तिला गेटवे दाखवायला नेले. मित्राकडून मागून आणलेला आगफा क्लिक थ्री कॅमेरा गळ्यात होता. तुमच्यातल्या वडील मंडळींना तो काळा डबा आठवत असेल. एका रोलमध्ये बारा फोटो निघत. आईला मी कमानीच्या पायथ्याशी उभे केले आणि सबंध गेटवे चौकटीत मावेपर्यंत मागे मागे सरत गेलो. आई ओरडून म्हणाली, "अरे, किती लांब चाललास? दिसेन का मी?" मी म्हणालो, "गेटवे पूर्ण यायला नको का?"

१९९१ साली आई गेली. दहाव्यापर्यंत भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून शोधाशोध सुरू झाली. लग्नाकार्यातल्या गर्दीच्या फोटोंत ती कुठे पाठमोरी, कुठे पदराआड. रोज स्टुडिओत दुसऱ्यांच्या आयांना खुर्चीवर बसवणाऱ्या मला घरच्या आईला बसवायला एक रविवार सापडला नव्हता. तिलाही विचारले की "आत्ता नको, लुगडे मळले आहे" हे उत्तर ठरलेले. शेवटी हाती उरला तो गेटवेचा फोटो. निगेटिव्ह काढली, एन्लार्जरमध्ये घातली आणि रात्रभर बसलो. मोठा करावा तितके दाणे दिसू लागले. चेहरा म्हणजे एक करडा ठिपका, त्यावर कपाळाची जरा उजळ कड. अखेर एका रंगकाम करणाऱ्या गृहस्थांकडून त्यावर डोळे, नाक, ओठ काढून घेतले. डोळे माझ्या बहिणीचे पाहून काढले. तो फोटो आजही आमच्या ओसरीत आहे, त्याला हार घालतो. ती बाई आमची आई नाही हे घरात सर्वांना ठाऊक आहे. कोणी बोलत नाही.

मी पुढे याचे गणित मांडून पाहिले. गेटवेची उंची २६ मीटर. तो सबंध बसवण्यासाठी मी सुमारे चाळीस मीटर मागे गेलो होतो. सहा सेंटिमीटरच्या निगेटिव्हवर गेटवे साडेचार सेंटिमीटर उमटला. त्या प्रमाणात आईचे डोके आले अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. मोहरीच्या दाण्यात ते सहज मावले असते. आता गंमत पाहा. मी होतो तेथेच राहून आईला फक्त माझ्यापासून दहा फुटांवर बोलावले असते, तर मागचा गेटवे तसूभरही लहान झाला नसता, आणि आईचा चेहरा तेरापट मोठा आला असता. दगडाला लांबून काही फरक पडत नाही, माणसाला पडतो. आई विचारीत होती ते बरोबर होते, आणि उमेदवारी करणारा मी चुकत होतो.

हा झाला अंतराचा दोष. दुसरा दोष उजेडाचा होता, आणि तेथे पहाटेचा संबंध येतो.

गेटवेचे तोंड बंदराकडे, म्हणजे साधारण पूर्वेकडे आहे. आपण मात्र शहराच्या बाजूने जातो, ताजमहाल हॉटेलच्या अंगाने, आणि तिकडूनच फोटो काढतो. सकाळी सूर्य समुद्राच्या बाजूने वर येतो. म्हणजे तो कमानीच्या आणि आपल्या माणसाच्या पाठीमागे असतो. आकाश लखलखीत, कमान काळसर, आणि तिच्यापुढचा चेहरा त्याहून काळा. आई सावळी होती. तिच्या चेहऱ्याचे त्या उजेडात काय झाले असेल, ते सांगायला नको.

सूर्य उगवण्यापूर्वी मात्र निराळा प्रकार असतो. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर आला की ज्याला नागरी संधिप्रकाश म्हणतात तो सुरू होतो. मुंबईस तो तेवीसएक मिनिटे टिकतो. त्या वेळात उजेड कोणत्याही एका बिंदूतून येत नाही, पूर्वेचे सबंध आकाशच दिवा झालेले असते. डोळ्यांखाली काळ्या खोबणी पडत नाहीत, कोणी डोळे मिचकावीत नाही, सुरकुती दिसते पण ओरखड्यासारखी दिसत नाही. जुन्या काळचे फोटोग्राफर याच उजेडासाठी काचेचे छप्पर घालून उत्तरेकडे तोंड करून स्टुडिओ बांधीत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आपल्याकडच्या पहिल्या छायाचित्रकारांपैकी एक. पण त्यांच्या काचेच्या पाटीला इतका वेळ लागे, की पहाटे कोणाचा चेहरा टिपण्याचा विचारही त्यांनी केला नसता. माझ्या त्या काळ्या डब्यालाही तो उजेड पुरला नसता. आज पुरतो. सूर्योदयाला दहा मिनिटे असताना आयएसओ १६००, भिंग एफ/२ इतके उघडे आणि शटर एक-साठांशावर ठेवले तर हातात धरूनही फोटो निघतो.

फक्त घाई करावी लागते. तेवीस मिनिटांच्या आरंभी निरभ्र आकाशाखाली उजेड साडेतीन लक्स असतो आणि सूर्योदयाच्या क्षणी चारशेच्या आसपास. म्हणजे शंभरपटीहून अधिक वाढतो. दर साडेतीन मिनिटांनी तो दुप्पट होतो असे धरा. पहिल्या फोटोचे माप तिसऱ्याला चालत नाही. सूर्योदय जानेवारीच्या मध्यास सव्वासातच्या सुमारास, मेअखेर सहाच्या सुमारास होतो. त्याच्या पाऊण तास आधी तेथे पोहोचावे आणि वयस्कर माणसाला आधी चहा पाजावा. झोपेतून उठवून आणलेला चेहरा चहाशिवाय जागा होत नाही.

उभे कोठे करावे? कमानीसमोर मधोमध नको. बंदराच्या कठड्याने जरा बाजूला चालत जावे आणि माणसाचे तोंड अर्धवट पाण्याकडे वळवावे. मग तोच उजेड त्याच्या गालावर आणि गेटवेच्या दगडावरही पडतो. तो दगड पिवळसर बेसाल्ट आहे. पहाटे तो राखी दिसतो आणि पुढे मिनिटामिनिटाला उबदार होत जातो. भिंग उघडे असल्यामुळे गेटवे मागे थोडा धूसर येईल. येऊ द्यावा. तो ओळखू येतो, तेवढे पुरे.

एक सूचना करून ठेवतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर तेथे अडसर आणि तपासणी आली. तिपाई, दिवे, मोठी पेटी घेऊन गेलात तर अडवले जाल; धंद्याचे चित्रण असेल तर रीतसर परवानगी काढावी आणि पहाऱ्यावरच्या पोलिसांशी हुज्जत घालू नये. ते रात्रभर उभे असतात.

हल्ली लग्न ठरलेली मुलेमुली पहाटे तेथे बरीच येतात. त्यांना रिकामा गेटवे हवा असतो. एकदा माझ्याच बरोबरचा नवरदेव म्हणाला, "काका, त्या झाडणाऱ्या बाईंना जरा बाजूला व्हायला सांगा ना." मी म्हणालो, "त्यांचे काम चालू आहे, आपले थांबू शकते." थांबलो. चार मिनिटांत त्यांचे झाडून झाले आणि तेवढ्यात आमचा उजेड दुप्पट झाला. त्या मुलाने पुढे "दोघांनाही जरा गोरे करून द्या" असे सांगितले, ते मात्र मी केले नाही. पहाटेच्या उजेडात सावळा रंग जितका खरा आणि तुकतुकीत येतो, तितका कोठल्याही दिव्याखाली येत नाही. त्यावर पांढरे फासणे म्हणजे पुन्हा रंगकाम करणाऱ्या त्या गृहस्थांकडे जाणेच झाले.

गेटवेवरच्या फोटोग्राफरांना मी नावे ठेवतो आहे असे कोणी समजू नये. गळ्यात कॅमेरा, हातात नमुन्यांचा आल्बम घेऊन ते उन्हात दिवसभर उभे असतात. पूर्वी ते पत्ता लिहून घेत आणि फोटो टपालाने पाठवीत. पुढे खांद्यावरच्या पिशवीतच छपाईचे यंत्र आले आणि आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलने त्यांचे गिऱ्हाईक नेले. सबंध कमान आलीच पाहिजे हा हट्ट त्यांचा नव्हे, आपला. लांबून आलेल्या माणसाला आपण मुंबईस गेलो होतो याचा पुरावा हवा असतो, आणि त्यात गैर काही नाही. माझे म्हणणे इतकेच, की पुराव्याचा एक काढा आणि माणसाचा एक काढा.

आणि ती वास्तू तरी कोणासाठी उभी राहिली? २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज बादशहा अपोलो बंदरावर उतरले. त्यांना दिसली ती पुठ्ठ्याची तात्पुरती कमान. दगडी कमानीची कोनशिला बसली ३१ मार्च १९१३ ला. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे ती पुरी होऊन खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी. जेमतेम तेवीस वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ ला, ब्रिटिशांची अखेरची पलटण तिच्याखालून जहाजावर चढली. १९६१ च्या प्रजासत्ताक दिनी शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा समोर आला. ज्या बादशहासाठी एवढा खटाटोप झाला, त्याला दगडी कमानीपुढे उभे राहता आले नाही. माझी आई उभी राहिली. तिला मी अर्ध्या मिलिमीटरचे केले.

गेल्या डिसेंबरात थोरल्या बहिणीला घेऊन गेलो. आक्का आता ऐंशीला आली. पहाटे साडेपाचला टॅक्सीत बसवताना तिने मला पुष्कळ बोल लावले. कठड्यापाशी तिला उभे केले आणि मी सहा फुटांवर राहिलो. ती म्हणाली, "इतक्या जवळून? सगळ्या सुरकुत्या दिसतील." म्हटले, "दिसू देत." सूर्य उगवायला आठ मिनिटे होती. वाऱ्याने पदर उडाला, तो सावरायला तिने हात वर नेला आणि कबुतरे उठली म्हणून मान वळवली. तेव्हा एक घेतला. घरी छापून दाखवला, तर चष्मा लावून बराच वेळ पाहत बसली आणि म्हणाली, "यात गेटवे कुठे आहे?" तिच्या खांद्यामागे कमानीचा एक कोपरा आहे, तो बोटाने दाखवावा लागला.

तो फोटो, आईची ती निगेटिव्ह, आणि एकाच कठड्यावर एकाच सकाळी तीन-तीन मिनिटांच्या अंतराने काढलेले सात फोटो असे सर्व सभागृहाच्या मागच्या टेबलावर मांडून ठेवले आहे. जाताना अवश्य पाहावे. निगेटिव्हसाठी शेजारी भिंग ठेवले आहे. ती कडेला धरावी, मध्ये बोट लावू नये.