पळी कोणाच्या हाती?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार घरे एकत्र आली की भांड्याला भांडे लागायचेच. आपल्या देऊळघाटात ते पाण्याच्या पाळीवरून लागेल, नाहीतर मंडळाच्या वर्गणीवरून. आवाज झाल्यावर करायचे काय, हा खरा प्रश्न. ख्रिस्ती धर्मग्रंथात याविषयी एक हकीकत आहे. ती सर्व धर्मांच्या भगिनींच्या उपयोगाची आहे, म्हणून सांगते.

पहिल्या शतकात यरुशलेम नगरात ख्रिस्ताचे अनुयायी गरजूंना रोज अन्न वाटीत. तेथे कुरकुर सुरू झाली. ग्रीक बोलणारे लोक म्हणू लागले, “वाटपात आमच्या विधवांना डावलतात.” ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात हे आले आहे. प्रमुखांनी तक्रार दडपली नाही, की कुरकुरणाऱ्यांची श्रद्धा कच्ची ठरवली नाही. सर्वांना बोलावून त्यांनी सांगितले की, विश्वासाची सात माणसे तुम्हीच निवडा. निवडलेल्यांत स्तेफन होता, फिलिप्प होता; आणि सातही नावे ग्रीक आहेत! म्हणजे ज्यांना वाढताना वगळले जात होते, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती पळी दिली गेली. प्रेम आहे, असे नुसते म्हणून भागत नाही. वाटपाची रीत बदलावी लागते.

दुसरी शिकवण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात आहे. कोणी आपला अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठून बोलावे. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे. तरीही न जुळले तरच मंडळीपुढे मांडावे. आपण बहुधा उलट करतो. आधी साऱ्या आळीला कळते आणि जिच्याविषयी बोलणे चालते तिला शेवटी!

आता एक गोष्ट तुमच्याही मनात आली असेल. उपाशी राहिल्या त्या बायका, पण निवडलेले सातही पुरुष. ही उणीव आपल्या महाराष्ट्रात एका ख्रिस्ती बाईने भरून काढली. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. हिंदू मुलींना आपले आचार पाळण्याची तेथे मोकळीक होती. तरी धर्मांतराच्या शंकेवरून १८९३ साली मोठा वाद झाला व पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. तो वाद आपण विसरू नये. जेथे अन्न आणि आसरा देणारा हात एकाचा असतो, तेथे घेणारीच्या मनाला जपावेच लागते. पुढे केडगावच्या मुक्ति सदनात दुष्काळातून आलेल्या मुली व विधवा शेती, विणकाम, छपाई शिकल्या. रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेल्या बायबलाचे खिळेही तेथल्या स्त्रियांनीच जुळवले. घेणारे हात करणारे झाले.

भगिनींनो, नव्या वर्षी आपल्या मंडळात कोणी तक्रार आणली, तर “हीच नेहमी कुरकुरते” असे म्हणू नका. तिला वही दाखवा, आणि पुढच्या वाटपाला तिलाच उभी करा. तिचे समाधान होईल, आणि आपला हिशेबही चोख राहील.